फळ्यावरची दोन मुलं

पेडणे तालुक्यातल्या ज्या शाळेत मी एकवीस वर्षं चित्रकला शिकवतोय, तिथल्या व्हरांड्यातला मोठा फळा माझ्या ताब्यात असतो. १८ जूनला गोव्याचा क्रांतिदिन, मग १५ ऑगस्ट, शिक्षकदिन, १९ डिसेंबरला मुक्तिदिन. आदल्या संध्याकाळी मागे थांबायचं, ओल्या फडक्याने फळा पुसायचा, वाळला की हलक्या रेघा मारायच्या आणि रंगीत खडू घेऊन बसायचं. चार दिवसांनी सगळं पुसलं जातं. ह्या कलेचा एक फायदा आहे, कुणी नाव ठेवायच्या आत ती नाहीशी होते.

२०२२ पासून ह्या यादीत एक दिवस वाढला. २६ डिसेंबर, वीर बाल दिवस. तो नेमका नाताळच्या सुट्टीत येतो, म्हणून आम्ही सुट्टीआधीच उरकून टाकतो. उरकतो हाच शब्द बरोबर आहे. फळ्याचा फोटो निघाला, ग्रुपवर गेला, संपलं.

गेल्या डिसेंबरात मी दोन मुलं काढली. गुरू गोविंदसिंगांचे धाकटे दोन मुलगे, जोरावरसिंग आणि फतेहसिंग. एक नऊ वर्षांचा, एक सात. सरहिंदच्या सुभेदाराने, वजीरखानाने, १७०४ च्या डिसेंबरात (काही जण १७०५ धरतात) त्यांना भिंतीत चिणून मारलं. भिंत काढताना हात अडखळला. आम्हा गोंयकारांचा हात चिऱ्याला सरावलेला. तांबडा, मोठा, भोकाभोकाचा दगड. दोन फटकाऱ्यांत होतो. विटेला मात्र पांढरा सांधा सोडावा लागतो, आणि वीट लहान, त्यामुळे विटा पुष्कळ लागतात. पोरांच्या छातीपर्यंत भिंत आणेस्तोवर साडेसहा वाजले.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर पाचवीतली एक मुलगी फळ्यापाशी रेंगाळली. म्हणाली, "सर, तांणी हय म्हटलें आसतें जाल्यार?"

म्हणजे, त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर? धर्म बदलतो म्हणायचं, सुटका करून घ्यायची, मागाहून पळून जायचं. तिच्या मागे तिची मैत्रीण उभी होती. ती ख्रिस्ती. ह्या दुसरीच्या घराण्यात कधीतरी, साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी, कुणीतरी 'हो' म्हटलेलं आहे. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "धर्मासाठी प्राण दिले, म्हणून ते थोर." मुलीने मान हलवली. मास्तराला उत्तर येत नाही हे कळल्यावर मुलं जशी हलवतात, तशी.

संध्याकाळी घरी ही गंमत म्हणून बाबांना सांगितली. बाबा ऐंशीला टेकलेत. आमचं मूळ घर पत्रादेवीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. १५ ऑगस्ट १९५५ ला बांद्याच्या बाजूने सत्याग्रही हद्द ओलांडून आत आले आणि पत्रादेवीला पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या घातल्या, तेव्हा बाबा नऊ वर्षांचे होते. त्या दिवसाबद्दल ते लहानपणापासून आम्हाला एकच वाक्य सांगत आलेत: आम्ही आवाज ऐकले, आधी वाटलं कुणी फटाके लावतोय. दर १५ ऑगस्टला, दर वेळी, ह्याच शब्दांत. त्या संध्याकाळी मात्र ते पुढे बोलले.

श्रावणातले दिवस, शेतात चिखल. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, बैल आत घेतले आणि दोन्ही दारांना कड्या घातल्या. बऱ्याच वेळाने मागल्या दारावर थाप पडली. हळू. मग आवाज आला, हिंदीत. "पानी." इतकंच. आजी कळशीपाशी उभी होती. आबांनी तोंडावर बोट ठेवलं. पुन्हा थाप. पुन्हा "पानी". मग चिखलात पाय वाजले.

"उजवेकडेन गेलो काय दावेकडेन, कळ्ळें ना," बाबा म्हणाले. "आबान कडी काडली ना."

तो कोण होता, वाचला का, घरात कुणालाच कधी कळलं नाही. त्या काळात सत्याग्रह्याला आसरा देणं म्हणजे काय होतं हे पेडण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. मार होता, आग्वादचा तुरुंग होता, आणि आबांच्या घरात चार पोरं होती. आबांनी पुढे आयुष्यभर दारी आलेल्या कुणालाही उपाशी परत पाठवलं नाही, हे गावात अजून सांगतात. का, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

मग मला ते मुलीचं 'हो म्हटलं असतं तर' झोपू देईना.

इथे थोडं मागे जायला हवं. मी राहतो पर्वरीला. पणजीहून रंग, कागद आणायचे असले की पुलावरच्या गर्दीत न शिरता बेतीच्या धक्क्यावर स्कूटर फेरीबोटीत घालतो. बेतीला गुरुद्वारा आहे, वर्षानुवर्षं बाहेरूनच बघितलेला. तीन-एक वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला, पाऊस नुकता लागलेला, दोनतीन सरदार पोरांनी माझी स्कूटर अडवली आणि हातात गुलाबी पेला दिला. थंड दूधपाणी, साखर, गुलाबाचं सरबत, वर बर्फ. त्यात पावसाचे थेंब पडत होते. मी ऐटीत विचारलं, "किस का बर्थडे है?" पोरगा म्हणाला, "शहीदी दिन है जी. गुरू अर्जनदेवजी का."

त्या पेल्याची लाज माझ्या घशात बरेच दिवस होती. पाचव्या गुरूंना लाहोरला जहांगीरच्या हुकमाने मारलं ते १६०६ च्या मे अखेरीस, ऐन उन्हाळ्यात. तापलेल्या तव्यावर बसवलं, अंगावर तापली वाळू ओतली, असं शीख परंपरा सांगते. पंजाबात ह्या दिवसांत रस्त्यारस्त्यावर छबील लागते, येईल त्याला थंड गोड पाणी. ज्याला जाळून मारलं त्याच्या नावाने वाटसरूचा घसा गार करायचा. आणि गोव्यात जूनला पाऊस असला म्हणून काय झालं, छबील ती छबील.

ह्या मृत्यूचा एक धागा थेट आपल्या जुन्या गोव्यात येतो, हे मला नंतर वाचताना सापडलं आणि मी खुर्चीतून उठलोच. त्या वेळी लाहोरात जेरोम झेवियर नावाचा जेझुइट पाद्री होता, आपल्या गोंयच्या सायबाच्या, संत फ्रान्सिस झेवियरच्या नात्यातला. २५ सप्टेंबर १६०६ ला त्याने गोव्यातल्या आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. त्यात गुरूंचं नाव नाही, नुसतं 'गुरू' आहे, आणि समजुतीसाठी म्हटलंय की आपल्याकडे जसा पोप तसा ह्या लोकांत हा. बंड करून पळालेला शहजादा खुसरो त्याच्याकडे गेला, त्याने त्याला टिळा लावला, बादशहाने मोठा दंड ठोकला, एका धनवान माणसाने जामीन राहून मग पैशांसाठी त्याला पिळून काढलं, बायकापोरांच्या अंगावरचे कपडेसुद्धा सोडले नाहीत, आणि शेवटी हाल सोसून सोसून तो गेला. तव्याचा उल्लेख नाही. थोडी कीव आहे, थोडा उपहास. पण मृत्यूनंतर चार महिन्यांच्या आत लिहिलेलं हे पत्र आहे, आणि ते निघालं होतं मांडवीच्या दिशेने.

जहांगीरने स्वतःच्या आठवणींत कारण सरळ लिहून ठेवलंय. भोळे हिंदू आणि काही मूर्ख मुसलमानसुद्धा ह्या माणसाच्या नादी लागलेत, तीन-चार पिढ्या हे दुकान चाललंय, ते बंद करावं असं माझ्या मनात बरेच दिवस होतं. दुकान हा शब्द त्याचाच. त्या दुकानात दोन वर्षांपूर्वीच, १६०४ मध्ये, एक ग्रंथ तयार होऊन हरिमंदिरात ठेवला गेला होता, आणि त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, शेख फरीदांचे श्लोकही आहेत. जहांगीरला खुपलेलं दुकान हे असलं होतं, सगळ्यांचा माल एकाच फळीवर मांडलेलं.

असो. जानेवारीतल्या एका रविवारी मी मुद्दाम बेतीला गेलो. डोक्याला रुमाल बांधला, माथा टेकला आणि काय करायचं न कळून लंगरच्या स्वयंपाकघरात लसूण सोलायला बसलो. माझ्या शेजारी एक म्हातारे सरदारजी होते, ट्रक घेऊन गोव्यात आलेले आणि इथेच राहिलेले. मी मास्तर आहे कळल्यावर मला ते 'मास्टरजी' म्हणायला लागले. मी त्यांना मुलीचा प्रश्न सांगितला. वाटलं होतं चिडतील. ते म्हणाले, "बच्ची ने ठीक पूछा. सरहिंद की कचहरी में भी यही पूछा गया था."

मग लसूण सोलता सोलता त्यांनी गोष्ट सांगितली, आणि ती माझ्या फळ्यावर मावली नसती इतकी मोठी निघाली. आनंदपूर सोडताना गुरूंचं कुटुंब फुटलं. मोठे दोघे मुलगे, अजितसिंग आणि जुझारसिंग, चमकौरला लढताना गेले, अठरा आणि चौदा वर्षांचे. धाकटे दोघे आजीबरोबर, माता गुजरींबरोबर, घरच्या जुन्या नोकराकडे गेले आणि त्या नोकराने, गंगूने, त्यांना पकडून दिलं. सरहिंदला तिघांना थंड्या बुरुजात ठेवलं, पौषाच्या थंडीत. रोज कचेरीत उभं करायचं, 'हो' म्हणा म्हणायचं. एकदा दिवाण सुच्चानंदने विचारलं, समजा सोडलं, तर काय कराल? पोरं म्हणाली, शीख गोळा करू आणि तुमच्याशी लढू.

"हां बोल के भागना था तो यहीं बोल देते," सरदारजी म्हणाले. "झूठ नहीं बोला."

मालेरकोटल्याचा नवाब शेर मोहम्मद खान त्या दरबारात होता. गुरूंशी लढताना त्याचा भाऊ मेलेला. त्याला सांगितलं, घे सूड. तो म्हणाला, माझं वैर बापाशी आहे, ह्या दुधखुळ्यांशी नाही, आणि उठून गेला. शीख हे विसरलेले नाहीत. १९४७ मध्ये सगळा पंजाब पेटला तेव्हा मालेरकोटल्यातल्या मुसलमानांना हात लागला नाही, त्याचं कारण पंजाबात आजही हेच सांगतात. म्हणून ही गोष्ट एका धर्माने दुसऱ्या धर्माला मारल्याची म्हणून कुणी फळ्यावर लिहायला लागला, तर मी खडू काढून घेईन. त्यात पकडून देणारा घरचा आहे आणि 'हे करू नका' म्हणणारा परका.

पुढे सरदारजींनी एका माणसाचं नाव घेतलं, मोतीराम मेहरा. सरहिंदच्या वजीरखानाच्या मुदपाकखान्यात कामाला असलेला. तीन रात्री तो पहारेकऱ्यांना काहीबाही देऊन बुरुजात दूध घेऊन जात होता. मी लसणीची पाकळी हातात धरून बसलो. त्याचं पुढे काय झालं तेही त्यांनी सांगितलं. ते मी नंतर लिहितो.

मग अरदास झाली. शिखांची रोजची प्रार्थना, सगळे उभे राहतात. मला पंजाबी येत नाही, पण आपल्या कानाला अर्धी कळते. आधी नावं येतात गुरूंची, पाच प्याऱ्यांची, चार साहिबजाद्यांची, म्हणजे गुरू गोविंदसिंगांच्या चार मुलांची. मग आठवण येते ज्यांनी नाम जपलं, वाटून खाल्लं, देग चालवली म्हणजे चुलीवरचं भांडं चालू ठेवलं, तलवार चालवली, आणि 'देख के अणडिठ कीता', दुसऱ्याचं उणं दिसलं तरी न दिसल्यासारखं केलं. त्याच्याच पाठोपाठ, आवाज न बदलता: ज्यांनी धर्मासाठी शीर दिलं, सांधा सांधा कापून घेतला, टाळूची कातडी सोलवून घेतली, चरकावर चढले, करवतीने चिरले गेले. हे अलंकार नाहीत. सांधे कापले ते लाहोरला भाई मणीसिंगांचे, टाळू सोलली भाई तारूसिंगांची, करवतीने चिरलं दिल्लीला भाई मतीदासांना. रोज, सकाळ-संध्याकाळ, ह्याची उजळणी. पोरंसोरं हात जोडून ऐकत असतात आणि मग खाली बसून डाळ-रोटी खातात.

आधी मला ते अंगावर आलं. आमच्याकडे जेवणाआधी मेलेल्याचं नावही कुणी काढत नाही. मग लक्षात आलं की चुलीवरचं भांडं चालवणारा आणि करवतीखाली बसलेला ह्यांना त्यांनी एकाच रांगेत उभं केलंय, आणि दोघांच्या कृतीला शब्द एकच वापरलाय, कमाई. आपण म्हणतो बलिदान, म्हणजे देणं. आपण म्हणतो हुतात्मा, म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. त्यात होम आहे, धूर आहे, आणि जळून गेलेलं परत हाताला लागत नाही. 'शहीद' हा मूळ अरबी शब्द, त्याचा मूळ अर्थ साक्षीदार. कुणाच्या तरी बाजूने साक्ष देऊन गेलेला. आणि ह्या साक्षीला शीख म्हणतात कमाई, म्हणजे ती मागे राहते, पुढच्यांना खर्चायला मिळते. मराठीत आपल्याकडे इतके सुंदर शब्द असून ही एक छटा निसटलीय असं मला वाटतं. (कोकणीवाले मित्र म्हणतील, तूच बघ तुझ्या मराठीचं. बघतोच आहे.)

साक्ष कुणाच्या बाजूने, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटला तो नवव्या गुरूंच्या बाबतीत. गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली असते. काश्मिरी पंडित कृपाराम आणि मंडळी आनंदपूरला आली, गाऱ्हाणं घातलं, गुरू तेगबहादूर दिल्लीला गेले आणि नोव्हेंबर १६७५ मध्ये चांदणी चौकात त्यांचं शीर उडवलं. शाळेत सांगतात, टिळा आणि जानवं राखलं. एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. मुंजीच्या वेळी गुरू नानकांनी जानवं घालायला नकार दिला होता. म्हणाले, दयेचा कापूस, संतोषाचं सूत, संयमाची गाठ आणि सत्याचा पीळ असलेलं जानवं असेल तर द्या, सुताचं तुटतं, मळतं, जळतं. म्हणजे ज्या जानव्यासाठी नवव्याने मान दिली, ते पहिल्याने गळ्यात घालायचंच नाकारलं होतं. स्वतःच्या गळ्यात नसलेल्या धाग्यासाठी गळा दिला. पटत नसलं तरी ते पाळायचा तुझा हक्क राहिला पाहिजे, ह्याची ही साक्ष. मला जगात दुसरं असं उदाहरण चटकन आठवत नाही.

आणि आठवलं तर ते पत्रादेवीचंच. कर्नैलसिंग बेनीपाल. लुधियाना जिल्ह्यातलं खन्नाजवळचं ईसडू हे गाव, वय पंचवीस, नुकतं लग्न झालेलं. पंजाबात त्यांना अजून मास्टर कर्नैलसिंग म्हणतात, म्हणजे आमच्याच जातीचा माणूस. त्यांचा आणि गोव्याचा संबंध काय? ना नातं, ना भाषा. १५ ऑगस्टच्या त्या सकाळी तिरंगा मध्य प्रदेशातल्या सहोद्राबाई राय ह्यांच्या हातात होता. त्यांना गोळी लागली, कर्नैलसिंगांनी झेंडा आपल्या हाती घेतला आणि पुढची गोळी त्यांना लागली. सहोद्राबाई वाचल्या, पुढे खासदार झाल्या. ईसडूला दर १५ ऑगस्टला मोठा मेळा भरतो. तिथे स्वातंत्र्यदिनाचा अर्थ गोवा असा आहे, आणि हे गोव्यात फार थोड्यांना माहीत आहे. पत्रादेवीला आपली गाडी थांबते ती चेकनाक्यावर. स्मारक शेजारीच आहे.

नकाशा काढायची मला सवय. तो काढताना दिसलं की खन्नापासून सरहिंद वीसेक किलोमीटरवर. त्या टापूत डिसेंबरच्या शेवटी शहीदी सभा भरते, लाखो माणसं जातात. पौषातल्या त्या दिवसांत कितीतरी घरांत लोक खाली जमिनीवर झोपतात, लग्नकार्य काढत नाहीत, कारण बुरुजातली पोरं थंडीत झोपली होती. ईसडूच्या घरातलं पोरगं ह्यातच वाढलं असणार. मास्टर कर्नैलसिंग डाव्या चळवळीत होते, पोथ्यांवर त्यांची श्रद्धा किती होती कोण जाणे. पण थंडीत जमिनीवर झोपवलेल्या मुलाला भिंत काय असते ते वेगळं शिकवावं लागत नाही.

नि:शस्त्र जाण्याचंही तसंच. शीख म्हटलं की आपल्याला कृपाण दिसते. पण १९२२ मध्ये अमृतसरजवळ 'गुरू का बाग' इथे अकाल्यांच्या तुकड्या रोज हात न उचलण्याची शपथ घेऊन जात आणि पोलिसांच्या लाठ्या खाऊन बेशुद्ध पडत. वाद कशावरून? लंगरच्या चुलीसाठी लाकडं तोडण्यावरून. पुन्हा चूलच. पत्रादेवीच्या तेहतीस वर्षं आधी.

'सिर धर तली गली मेरी आउ' असं गुरू नानकांचं वचन आहे. प्रेमाचा खेळ खेळायचा असेल तर शीर तळहातावर घे आणि माझ्या गल्लीत ये. १६९९ च्या बैसाखीला गुरू गोविंदसिंगांनी आनंदपूरला खरंच शीर मागितलं तेव्हा पाच जण उठले, तेच अरदासेतले पाच प्यारे. त्यातला एक लाहोरचा, एक दिल्लीकडचा, एक द्वारकेचा, एक जगन्नाथपुरीचा, एक आपल्या शेजारच्या बिदरचा. पाचही तंबूत गेले आणि पाचही जिवंत बाहेर आले. देणं तंबूत शिरतानाच झालं होतं. मरण आलं की नाही हा पुढचा प्रश्न. कर्नैलसिंगांचं शीर पत्रादेवीला गेलं असं आपण म्हणतो, मला वाटतं ते ईसडूहून निघतानाच तळहातावर होतं.

तरी एक खडा टोचत राहतो. सगळ्यांनीच असं करायला हवं होतं का? आमच्या गोव्यात तिन्ही प्रकार झालेत. कुणी 'हो' म्हटलं. कुणी रातोरात देव उचलले आणि नदीपार केले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. आणि कुंकळ्ळीकरांनी १५८३ मध्ये पाच जेझुइटांना मारलं, मग पोर्तुगीजांनी बोलणी करायला म्हणून गावाच्या नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कापून काढलं. त्या पाच पाद्र्यांना चर्चने १८९३ मध्ये धन्य हुतात्मे म्हणून गौरवलं. गावाचे हुतात्मे दुसरे, त्यांच्या स्मारकाला चारशेहून जास्त वर्षं लागली. त्या पाचांतला रुदॉल्फो आक्वाव्हिवा त्याच वर्षी अकबराच्या दरबारातून परतला होता, जिथे त्याला खुशाल वाद घालू देत, कुणी केसाला धक्का लावला नाही. एकाच गावात दोन रांगा आहेत आणि दोन्हीकडे मेणबत्त्या लागतात. मी कुणाचं फळ्यावर काढू?

आमच्या वर्गात तिन्ही घरांतली मुलं शेजारी शेजारी बसतात. मी साहिबजाद्यांची गोष्ट सांगून त्या दुसऱ्या मुलीला तिच्या पणजोबांच्या पणजोबाची लाज वाटायला लावली, तर मोठी चूक होईल. 'हो' म्हणणाऱ्याच्या घरातही त्या दिवशी चार पोरं असतील.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर ती मुलगी सहावीत गेली. मी तिला गाठून सांगितलं, तुझा प्रश्न त्या कचेरीतही विचारला होता, आणि पोरांनी काय सांगितलं ते हे. ती म्हणाली, "मागीर पळटलों म्हणून फट मारची न्हय, अशें?" फसवायचं नाही, असंच ना? म्हटलं, असंच. मैत्रिणीने विचारलं, तो नवाब उठून गेला त्याचं नाव काय म्हणालात? वहीत लिहून घेतलं.

यंदा डिसेंबरात मी भिंत काढली नाही. अर्धा फळा काळाच ठेवला, त्यावर निळसर बुरूज, वर एक लहान खिडकी, आणि खाली पाठमोरा माणूस, खांद्यावर घोंगडी, हातात झाकलेलं भांडं. भांड्याच्या कडेला पांढऱ्या खडूचा एकच ठिपका. शाळेत बऱ्याच जणांना ते कळलं नाही. मी दोन ओळी खाली लिहिल्या होत्या, पण ग्रुपवर फोटो टाकताना त्या कापल्या गेल्या.

तोच फोटो बाबांनी रात्री माझ्या मोबाइलवर बघितला. दोन बोटांनी मोठा केला.

"हो कोण?"

"राजवाड्यांतलो रांदपी. भुरग्यांक दूद घेवन गेल्लो."

"चोरून?"

"चोरून."

बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मागीर ताचें कितें जालें?"

सरदारजींनी मला जे सांगितलं होतं, ते मी त्यांना वर्षभर सांगितलेलं नव्हतं. आता विचारलंच. म्हटलं, वजीरखानाला कळलं. तेलाच्या घाण्यात घालून मारलं. त्याला, आईला, बायकोला आणि लहान मुलाला.

"भुरग्याकूय?"

"हय."

बाबांनी मोबाइल माझ्या हातात दिला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "च्या दवर रे."